कानाचे ऋण

'कृतज्ञता' या शब्दास आपण व्यवहारात फारच शेवटी जागा दिली आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, कचेरीतील निरोपसमारंभ असो की ग्रंथालयाची वार्षिक सभा असो, कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाशी आभारप्रदर्शनाचे काम एखाद्या कनिष्ठ कार्यकर्त्याकडे सोपविलेले असते. तो बिचारा नावे वाचीत असतो आणि श्रोते चपला शोधीत असतात. आभार ऐकावयासही जेथे कोणी थांबत नाही, तेथे ज्यांचे आभार मानावयाचे त्यांचा विचार कोण करणार? वस्तुतः मूळ शब्दाकडे पाहिले तर त्यात आभार मानण्याची गोष्टच नाही. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्यास ठाऊक आहे तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता हा आधी माहितीचा विषय आहे, भावनेचा त्यानंतर. त्याच्या उलट अर्थाचा शब्द कृतघ्न. केलेले मारून टाकणारा असा त्याचा कठोर अर्थ. आपण सहसा कोणाचे केलेले मारून टाकीत नाही. आपल्याला ते ठाऊकच नसते, इतकेच. पण ज्याने केले त्याच्या दृष्टीने या दोहोंत कितीसा फरक पडतो?

आता हे जाणावयाचे कसे? पाहून पुष्कळ कळते असा आपला समज आहे आणि तो खोटा नाही. परंतु डोळ्यास दिसतात त्या बहुधा वस्तू. धोंडा दिसतो, भिंत दिसते, खुर्ची दिसते; त्या काही करीत नसल्या तरी दिसतात. कानाचे तसे नाही. काही घडल्यावाचून, कोणी काही केल्यावाचून आवाज होत नाही. धोंड्यावर कोणी घण घातला, भिंतीत कोणी खिळा ठोकला, खुर्ची कोणी ओढली, तरच त्या ऐकू येतात. डोळा नामे वाचतो आणि कान क्रियापदे ऐकतो, असे एखाद्या व्याकरणाच्या शिक्षकाने वर्गात सांगितले तर ते चूक ठरू नये. शिवाय डोळ्यास पापणी आहे, कानास नाही. झोपेतही तो पहाऱ्यावर असतो. भिंतीपलीकडचे, वळणापलीकडचे, अंधारातले, जे डोळ्याच्या वाट्यास कधी येत नाही ते तो आणून देतो. आपल्यासाठी राबणारी बहुतेक माणसे अशीच भिंतीपलीकडे, वळणापलीकडे आणि अंधारात असतात. तेव्हा ज्यास कृतज्ञ व्हावयाचे आहे त्याने प्रथम ऐकावयास शिकावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यासाठी फार दूर जावयास नको. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेली खोपोली या कामी पुरेशी आहे.

खोपोली म्हटले की मुंबई-पुण्याच्या प्रवाशास घाट आठवतो, भाविकास जवळच्या महडचा वरदविनायक आठवतो, आणि अलीकडच्या मुलांना करमणुकीची बाग आठवते. गाव स्वतः कोणाच्या फारसे ध्यानात राहत नाही. पण एखाद्या वैशाखातल्या सकाळी पाताळगंगेच्या काठी उभे राहावे. सह्याद्रीच्या उतारावरून कोकणात धावणाऱ्या लहानसहान नद्या दिवाळीनंतर रोडावतात. चैत्र-वैशाखात त्यांच्या पात्रात गोटे तेवढे उरतात आणि त्या गोट्यांवरून गुरे पलीकडे जातात. पाताळगंगा मात्र ऐन उन्हाळ्यातही खळखळते आहे. ही खळखळ कोठून आली? निसर्गाची कृपा म्हणून हात जोडून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हा आवाज माणसांनी निर्माण केलेला आहे.

वर लोणावळ्याच्या पठारावर वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही धरणे आहेत. पूर्वेकडे वाहून जाणारे पावसाचे पाणी तेथे अडविले, मोठमोठ्या नळांतून ते पश्चिमेकडे घाटाखाली सुमारे पाचशे मीटर खोल उतरविले आणि त्या पाण्याच्या माऱ्याने खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरविली. 1915 साली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्यांच्या मनात ही कल्पना प्रथम आली ते जमशेटजी टाटा 1904 मध्येच निवर्तले होते. चक्रांची घरघर त्यांच्या कानी पडली नाही. पुढे 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला आणि 1927 मध्ये भिरा येथे अशीच वीजगृहे उभी राहिली. चक्रे फिरवून झालेले पाणी खोपोलीस नदीत सोडले जाते, आणि तीच आपली उन्हाळ्यातली खळखळ. खालच्या अंगाची गावे, वसाहती आणि कारखाने त्या पाण्यावर जगतात. तेव्हा एका वैशाखी सकाळी त्या काठावर जे ऐकू येते त्यात बांध घालणारे गवंडी आहेत, नळ जोडणारे लोहार आहेत, आणि रात्रपाळीस चक्रांच्या आवाजात तसूभर फरक पडला तर चटकन वळून पाहणारा आजचा यंत्रचालकही आहे.

आणि आणखीही कोणी आहे. पाणी अडते तेव्हा त्याखाली जमीन जाते. या विजेच्या योजना मावळच्या शेतकऱ्याला विचारून झाल्या नाहीत. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहास जाते. त्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळ्यांनी जो सत्याग्रह केला आणि ज्यामुळे पांडुरंग महादेव बापट हे महाराष्ट्राचे 'सेनापती' झाले, तो इतिहास शिक्षकांना सांगावयास नको. केलेले जाणावयाचे, तर ज्याने दिले त्याच्याइतकेच ज्याच्याकडून घेतले गेले त्याचेही नाव हिशेबात यावे लागते. कृतज्ञता हा नेहमीच गोड विषय असतो असे नाही.

घाटाचीही तीच कथा. 1856 साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि येथेच थांबली. पुढे डोंगर होता. दोन वर्षांनी, 1858 मध्ये, पलीकडे खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला, पण मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायीच चढावा लागे. अखेर 1863 मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा झाला. तो एकूण पंचवीस बोगद्यांचा होता. एके काळी त्यावर 42,000 पर्यंत मजूर एकाच वेळी खपत होते असे नमूद आहे. पटकी, हिवताप, सुरुंगाचे अपघात आणि दरडी यांनी त्यातील हजारो दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका अंगावर घेऊन काम तडीस नेले. तिचे नाव आता थोडेफार घेतले जाते, ते योग्यच आहे. मजुरांपैकी मात्र एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या पहारींचे आवाज त्या दऱ्यांत कसे घुमले असतील, याची कल्पना करावयाची तर आजची गाडी बोगद्यात शिरताना होणारा तो अचानक गडगडाट ऐकावा. ती पोकळी त्यांच्या हातांची आहे.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. डोंगरातून वाट कशी काढावी हे साहेबांना एका धनगराने दाखविले आणि त्याबद्दल त्याच्या पदरी बक्षिसाऐवजी मरण आले, अशी लोककथा आहे. तिच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. जुन्या रस्त्याने जाणारे वाहन त्या देवळापाशी थबकते, चालक नाणे टाकतो, ते दगडावर खणकन वाजते, आणि गाडी पुढे निघते. आभारप्रदर्शनाच्या किती भाषणांची त्या एका 'खणकन'शी बरोबरी होईल, हे वाचकांनीच ठरवावे.

रात्री घाटातून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज खाली ऐकू येतो. कर्जतला बहुतेक गाड्यांच्या पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात, कारण सदतीस फुटांत एक फूट असा हा चढ. एकट्या पुढच्या इंजिनाने तो निभत नाही. पुढचे इंजिन शिटी देते आणि मागची तिला उत्तर देतात. उतरणीच्या गाड्या ठरलेल्या जागी थांबून ब्रेकची परीक्षा देतात आणि मगच पुढे सरकतात. डब्यातील प्रवासी या वेळी 'गाडी उगीच का थांबली' म्हणून कुरकुरतो. पावसाळ्यात लोहमार्गावर रात्रभर गस्त असते. गस्तवाला खांद्यावर सामानाची पिशवी आणि हातात दिवा घेऊन भर पावसात रुळांच्या कडेने चालतो. त्या सामानात रुळावर ठेवावयाचे फटाकेही असतात. दरड आलेली दिसली तर तो ते रुळावर बसवितो. गाडीचे चाक त्यावर आले की स्फोट होतो आणि चालक ब्रेक दाबतो. धुक्यात आणि पावसात दिवा दिसला नाही तरी हा आवाज पोचतो. पावसाळ्यापूर्वी डोंगरी टोळ्या कड्यांवर चढून सुटलेले धोंडे हेरून पाडतात. आपण आडवे पडून पुण्यास जातो तेव्हा कोणाच्या तरी कानांवर आणि पायांवर जात असतो.

पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली, एवढ्याच स्थानकांचा हा फाटा. भल्या पहाटे त्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये या लेखाचे पुष्कळसे वाचक बसत असतील. त्यांच्या घरी त्याआधी तासभर दुसऱ्या आवाजांचा क्रम उरकलेला असतो: बंबातल्या किंवा आता हीटरच्या पाण्याचा, भाकरी थापण्याचा, स्टोव्ह गेला तेथे गॅसच्या शेगडीचा, डब्याचे झाकण दाबून बसविण्याचा. घरातील कर्ता पुरुष अंथरुणात पडल्या पडल्या हे ऐकतो आणि 'अजून पाच मिनिटे' म्हणून कूस बदलतो. ज्या आवाजावर त्याची झोप बेतलेली आहे तो कोणाच्या न झालेल्या झोपेतून येतो, एवढे त्याच्या मनात आले तरी डबा उचलताना हात थोडा वेगळा पडेल. पूर्वीच्या पिढीत हे काम जात्याची घरघर करी. जाते थांबले, त्यावरच्या ओव्या थांबल्या. गिरणीने बाईचे श्रम वाचविले याचा आनंदच मानावा. परंतु जात्याची घरघर निदान ऐकू तरी जात असे आणि सारा वाडा जाणत असे की कोण उठले आहे. आजचे घरकाम पुष्कळसे निःशब्द झाले आहे आणि म्हणून अधिकच अदृश्य.

येथे आपल्या भाषेचे उपकारही मानले पाहिजेत. आवाजांना नावे देण्यात मराठी अत्यंत उदार आहे. पावसाचीच पाहा: भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सरसर, धोधो. पिरपिर म्हटले की पावसाबरोबर ऐकणाऱ्याचा वैतागही आला. पान सळसळते, पाणी झुळझुळते किंवा खळखळते, बांगड्या किणकिणतात, चाक करकरते, दार कुरकुरते आणि माणूसही कुरकुरतो. नाणे वाजवून पारखण्याच्या दिवसांतून 'खणखणीत' हा शब्द आला आणि तो प्रकृतीला, उत्तराला, आवाजाला सर्वत्र लावला गेला. ज्यांनी ही भाषा घडविली त्यांचे कान जागे होते. मडके घेताना त्यावर टिचकी मारणारी बाई, नारळ हलवून पाहणारा वाणी, स्थानकात उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी ठोकीत जाणारा पूर्वीचा रेल्वे कामगार, हे सारे कानाने पारखणारे लोक होते. चाकास तडा असेल तर त्याचा नाद बद्द येई आणि त्या एका बद्द नादापायी शेकडो प्रवासी सुखरूप घरी जात. त्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नसे.

डोंगराचेही असेच आवाज आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की शेतकरी बियाण्याकडे पाहतो. ओहोळ वाहू लागले की शीळकरी कस्तुर शाळा चुकविलेल्या पोरासारखा उगाच शीळ घालीत बसतो. पण डोंगराचे सर्वच आवाज शुभ नसतात. 19 जुलै 2023 च्या रात्री, खालापूर तालुक्यातच, इरसाळगडाच्या कुशीतील इरसाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता, मदत करणारे रात्रीच्या पावसात चिखलातून डोंगर चढून गेले. त्यांतील ज्यांनी अंधारात मातीला कान लावला असेल, त्यांनी काय ऐकण्याची आशा केली असेल, हे शब्दांत मांडवत नाही. त्या रात्रीनंतर पावसाचा सूर चढला म्हणजे त्या परिसरातील कोणत्या वाडीत माणसे निर्धास्त झोपत असतील? आपण शहरात खिडकी लावून घेतो आणि त्याच पावसास 'छान' म्हणतो. दोघांच्या कानांवर पडणारा पाऊस एकच.

ऐकण्याचे शिक्षण देता येते काय? कॅनडातील संगीतकार आर. मरे शाफर यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. 1967 मध्ये त्यांनी 'कान स्वच्छ करण्याच्या' पाठांचे छोटे पुस्तक काढले. पुढे व्हँकुव्हरला सहकाऱ्यांसह गावोगावचे ध्वनी टिपून ठेवण्याचे काम केले आणि 1977 मध्ये जगाच्या ध्वनींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा साधा पाठ असा की थोडा वेळ गप्प बसावे आणि जे जे ऐकू आले ते लिहून काढावे. आमच्या शाळांतून यात एका रकान्याची भर घालावी असे सुचवावेसे वाटते. एका बाजूस आवाज आणि समोर 'हा कोणी केला?' खोपोलीच्या एखाद्या वर्गात दुपारी पाच मिनिटे हा पाठ घेतला तर पाटीवर काय काय येईल? रुळाच्या तुकड्यावर शाळेची घंटा देणारा शिपाई येईल. पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज करणाऱ्या बाई येतील. त्यांचे नाव वर्गात कितीजणांना ठाऊक आहे, हेही तेव्हाच कळेल. रानभाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात हाळी देणारी कातकरी बाई येईल. या पाठास पैसा लागत नाही आणि परिपत्रकही लागत नाही. फक्त तो वर्षातून एकदा एखाद्या 'दिना'निमित्त घेऊ नये, नाहीतर त्याचेही आभारप्रदर्शन होईल.

कचेऱ्यांतूनही हे करण्याजोगे आहे. टंकलेखन यंत्रांचा कडकडाट गेला, त्याबरोबर मसुदे सुबक करून देणाऱ्या टंकलेखकांची एक पिढीच निघून गेली. तिची आठवण किती जणांनी ठेवली? आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वीची ती व्हायोलिनची धून दोन-तीन पिढ्यांनी अर्धवट झोपेत ऐकली. ती वॉल्टर कॉफमन यांची रचना मानली जाते. ते युरोपातील ज्यू संगीतकार. नाझींचा अंमल पसरू लागला तेव्हा 1934 मध्ये मुंबईस आले आणि येथे बारा वर्षे राहिले. घर सुटलेल्या एका माणसाने आपल्या घरांना पहाटेचा आवाज दिला. हे कळल्यावर ती धून बदलत नाही. ऐकणारा मात्र थोडा बदलतो.

यावर कोणी विचारील की मग गणपतीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचेही आभार मानावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. आवाज म्हणजे कोणाचे तरी कर्म, पण प्रत्येक कर्म उपकार असत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. ती मिरवणुकीत कितपत पाळली जाते हे लोकांस ठाऊक आहे. मालमोटारींच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' ही विनंती महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये बंद केली. पण भोंग्यांनी ती आज्ञा वाचली नसावी. मोठ्या आवाजाबद्दलचा खरा आक्षेप त्रासाचा नाही, तो चोरीचा आहे. तो लहान आवाज खाऊन टाकतो, आणि आपले बहुतेक ऋणको-धनकोंचे व्यवहार लहान आवाजांत चाललेले असतात.

आणि तो कानच खाऊन टाकतो, हे त्याहून वाईट. शाळेच्या पुस्तकात आपण कानातील तीन हाडांची नावे पाठ केली: हातोडी, ऐरण, रिकीब. एवढ्याशा पोकळीत लोहाराचे पाल मांडले आहे, आणि रिकीब तर शरीरातले सर्वांत लहान हाड, तीनेक मिलिमीटरचे. त्यापलीकडे शंखाकृती नळीत सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. हवेतील कंपनांचे मेंदूस समजेल अशा संदेशात रूपांतर त्या करतात. जन्मतः मिळते तेवढीच ही पुंजी. त्वचेसारखी ती पुन्हा उगवत नाही. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे राहिल्यास ती झिजते. प्रथम उंच स्वरांच्या पेशी जातात. म्हणून माणसास भोंगा ऐकू येतो, मोटारीची घरघर ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटतात. कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. रातकिडा आधी मुका होतो, मग चिमणी, मग नात.

खालापूर-खोपोलीचा पट्टा पोलादाचा, नळांचा, कागदाचा. अशा कोणत्याही पट्ट्यात घण, कातरणयंत्रे आणि बाष्पाचे फूत्कार यांत तीस-तीस वर्षे उभी राहिलेली माणसे असतात. बॉयलर ठोकणाऱ्यांचे बहिरेपण एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकास ठाऊक आहे. तरी कानात घालावयाची साधी बोळकी वापरण्याचा आळस कामगार करतो आणि ती वापरावयास लावण्याचा आळस व्यवस्थापन करते. निवृत्त झालेला कामगार घरी दूरदर्शन मोठ्याने लावतो म्हणून सुना त्रासतात. ज्या आवाजातून आपल्या घराचे पत्रे, नळ आणि गज आले, त्या आवाजाने त्याचे ऐकणे नेले आहे, हा हिशेब त्या घरात कोणी मांडीत नाही. आपल्या नाटकांतून बहिरा म्हातारा आला की प्रेक्षागृह हसते. आंधळ्यास पाहून आपण हळहळतो, बहिऱ्यास पाहून हसतो, ही काही आपल्या संस्कृतीची शोभा नव्हे.

याचा अर्थ ज्यांना ऐकू येत नाही ते जगाच्या ऋणाबाहेर आहेत असा कोणी करू नये. बधिर माणसे हातांनी बोलतात, आणि भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी, व्याकरण असलेली भाषा आहे. मूकबधिरांसाठी शाळा मुंबईत 1880 च्या दशकातच निघाली होती. 1983 पासून वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाणी यांच्या प्रश्नांवर काम करीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केलेल्या अंदाजानुसार ज्यांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा साधनाची गरज आहे अशी माणसे जगात 43 कोटी आहेत. मुलांच्या बाबतीत तर वेळच सर्व काही असते. मूल भाषा कानाने किंवा डोळ्याने, पण पहिल्या काही वर्षांतच शिकते. 'आमच्या घराण्यात मुले उशिराच बोलतात' असे म्हणत आजी-आजोबा जी दोन वर्षे घालवितात ती पुढे कोणी परत देऊ शकत नाही. शिक्षकांच्या हाती हे काम मोठे आहे. मागच्या बाकावर बसून सतत 'काय, काय?' म्हणणाऱ्या किंवा मुळीच काही न विचारणाऱ्या मुलास छडी दाखविण्याआधी त्याच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात नाव घेऊन पाहावे.

श्रवणयंत्राची तर आपल्याकडे विलक्षण लाज आहे. चष्मा लागला की माणूस विद्वान दिसतो, यंत्र लागले की म्हातारा. केंद्र शासनाच्या 1981 पासून चालू असलेल्या योजनेतून गरजूंना ही यंत्रे मोफत वा सवलतीत मिळतात. मिळालेली पुष्कळशी कपाटाच्या खणात पडून राहतात. पहिल्या आठवड्यात त्यातून भांड्यांचा खणखणाट फार येतो, डोके उठते, आणि मग ते खणात जाते. कानाला आणि मेंदूला पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे घेताना कोणी नीट समजावीत नाही. घरच्यांनी तेवढे दिवस समोर बसून, सावकाश, ओरडल्यावाचून बोलावयास हवे. पण ओरडणे अधिक सोपे पडते.

श्रवणशक्तीच्या तपासणीची सोय आता जिल्ह्याच्या रुग्णालयांतून असते. चाळिशी ओलांडलेल्या आणि गोंगाटात काम केलेल्या प्रत्येकाने ती एकदा करून घ्यावी, वडीलधाऱ्यांना सोबत करून न्यावे. तिला अर्धा तास पुरतो आणि त्यात कोठे दुखत नाही. बंद खोलीत बसवून कानावर ध्वनियंत्र चढवितात. एकामागून एक बारीक, अधिक बारीक होत जाणारे सूर ऐकवितात, आणि ऐकू आला की बटण दाबावयास सांगतात.